स्टुलामागचे ठोकळे

"आवाज का येत नाही याचा? बिघडलंय का मशीन?" ताईंनी विचारलं.

प्रशिक्षण द्यायला आलेली मुलगी म्हणाली, बिघडलेलं नाही, आवाज मीच बंद केलाय. आज नुसतं बघायचं. ऐकायचं नंतर.

ताईंनी मावशींकडे पाहिलं आणि भुवई वर चढवली. मुलं केव्हाच घरी गेली होती. बालवाडीच्या त्या खोलीत पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन तिघी बसल्या होत्या. ताई, झाडलोट आणि मुलांचं हवं-नको बघणाऱ्या मावशी, आणि ही गळ्यात ओळखपत्र लटकवलेली मुलगी. समोर लॅपटॉप. सकाळी हिने कपाटावर आपला फोन उभा करून ठेवला होता आणि तासभर खोलीतलं सगळं टिपलं होतं. आता तेच सगळ्यांनी मिळून पाहायचं. पाहून झालं की प्रत्येकीने 'मला दिसलं' अशी सुरुवात करून जे डोळ्यांना दिसलं तेवढंच सांगायचं. हट्टी, शहाणं, चांगलं, वाईट हे शब्द इथे नकोत.

"म्हणजे हट्टी पोराला हट्टी म्हणायचं नाही," ताई म्हणाल्या.

"ते आडवं पडलं, एवढं म्हणायचं."

"बरं झालं सांगितलंत. माझं अर्धं आयुष्य गेलं यात, पण हे काही ठाऊक नव्हतं."

मुलगी हसली. ती चिडत नव्हती, याचाच ताईंना जास्त राग आला. हिच्या वयाच्या बायका पूर्वी ताईंच्या हाताखाली पोरांची नाकं पुसून हे काम शिकल्या होत्या. आता हिने येऊन यांना बघायला शिकवायचं.

ताईंचा एक नेम होता. रोज सकाळी खोलीची कडी काढण्याआधी त्या क्षणभर डोळे मिटून उभ्या राहत आणि मनात म्हणत, आज एकाही लेकरावर आवाज चढवणार नाही. देवाला साक्ष ठेवून घेतलेला हा नेम इतक्या वर्षांत त्यांनी मोडला नव्हता. मोठ्या माणसांवर त्या खेकसत. भाजीवाला, मावशी, नवरा, कोणी सुटत नसे. मुलांशी मात्र लोण्यासारख्या. बालवाडीत त्यांच्या आवाजाचं कौतुक होतं आणि त्यांना ते ठाऊकही होतं. रडणारं पोर त्यांचं गाणं ऐकून गप्प बसायचं. तोच आवाज या पोरीने काढून घेतला होता.

पडद्यावर एक जाड बाई खिडकीकडे तोंड करून बुटक्या स्टुलावर बसली होती आणि उगाचच हात हलवत होती. मध्येच मान वळली की एका बाजूने तोंड दिसे. ते उघडे, मिटे, उघडे.

"ताई, माशावाणी दिसताय," मावशी खुदकन हसल्या.

ताईंना गाणं ओळखू आलं. मुलं खुळ्यागत त्यांच्याकडे बघत होती. पुढ्यात चावरा होता, त्याच्या शेजारी खिडकीवर चढणारी जुळी, मांडीवर रडवा. याच चौघांसाठी ताईंनी स्टूल तिथे ठेवलं होतं. खिडकीपाशी नजर हटली की कोणाचं तरी डोकं फुटलंच म्हणून समजा. त्यामुळे त्यांची पाठ खोलीच्या दुसऱ्या टोकाकडे असे, ठोकळ्यांच्या फळीकडे. तिकडे काळजी करण्यासारखं काही नव्हतं. तिकडे मुगी बसायची.

मुगी हे मावशींनी ठेवलेलं नाव. मूग गिळल्यासारखी बसते म्हणून. शाळेत आल्यापासून तिच्या तोंडून एक शब्द कोणी ऐकला नव्हता. रडायची नाही, मागायची नाही, कोणाला ढकलायची नाही.

पडद्यावर मुगी उठली. फळीवरून तिने एक लाकडी ठोकळा घेतला. दोन्ही हातांत धरून चालत आली आणि ताईंच्या पाठीमागे उभी राहिली. एक हात वर केला. तो पाठीला लागणार, इतक्यात खाली घेतला. उभी राहिली. मग वाकून ठोकळा स्टुलापाशी ठेवला आणि परत गेली.

थोड्या वेळाने दुसरा ठोकळा घेऊन आली. तशीच उभी राहिली. ठेवला. गेली. मग तिसरा.

जाड बाई हात हलवत होती. शेवटी ती रडव्याला कडेवर घेऊन उठली, वळली, तिचा पाय ठोकळ्याला लागला. तोंड उघडलं आणि मिटलं. आवाज नव्हता, पण ताईंना शब्द पाठ होते, कारण हे रोजचंच होतं. कोणी टाकलं हे पायात? अगदी हळू, गोड आवाजात विचारलं असणार. मग त्या बाईने पायानेच ते ठोकळे स्टुलाखाली सारले. एक, दोन, तीन. मुगी कोपऱ्यातून बघत होती.

रोज दुपारी झाडताना मावशी स्टूल उचलायच्या आणि खालून ठोकळे काढायच्या. त्यावरून ताई त्यांना बोल लावत, तुमचं लक्ष कुठे असतं, एखादं पोर अडखळून पडेल. मावशीही उलट बोलत, मी काय ठोकळ्यांना पाय लावलेत का?

मुलीने चित्र थांबवलं. "काय दिसलं?"

"मला दिसलं, पोरगी आली," मावशी म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या.

"ताई?"

"मला काही दिसलं नाही." ताईंनी पर्स उचलली. "असं कपाटावर चढून बघितलं तर कोणाच्याही चुका दिसतील. खाली बसून वीस पोरं सांभाळा, मग मला विचारा काय दिसलं ते."

रस्ताभर त्या चरफडत होत्या. त्या फोनवर, त्या मुलीवर, 'आत्मपरीक्षण' असला जड शब्द लिहून तिला पाठवणाऱ्या संचालिका बाईंवर. परीक्षण करायचंच तर खिडकीला जाळी का बसत नाही त्याचं करा. हाताखाली एक बाई द्या म्हणून किती वेळा सांगितलं, त्याचं करा. मग मी कशाला खिडकीकडे तोंड करून बसेन, एकाच जागी खिळून? घरी भाजी चिरताना सुरी पाटावर इतक्या जोरात आपटत होती की नवऱ्याने वर्तमानपत्र खाली घेतलं. ताईंनी त्यांना सगळं सांगितलं. पाठीचंच तेवढं घेऊन बसलीय ती मुलगी, म्हणाल्या.

"तिचं काय चुकलं?" नवरा म्हणाला. "मीसुद्धा किती वर्षं तुझी पाठच बघतोय."

एरवी त्यांनी यावर चार शब्द सुनावले असते. आज सुरी थांबली. दुसरंच काही आठवलं होतं.

गेल्या महिन्यात संचालिका बाईंनी त्यांना बोलावून मुगीबद्दल विचारलं होतं. ताई घाईत होत्या, चावऱ्याने तेव्हाच कोणाचा तरी कान पकडला होता. दारातूनच त्या म्हणाल्या होत्या, त्या पोरीत काही नाही हो, भिंतीशी बोलल्यासारखं आहे. तेवढ्या बोलण्यावर संचालिका बाईंनी मुगीच्या आईला निरोप धाडला होता. मुलगी आमच्याकडे राहण्यासारखी नाही, अशा मुलांची वेगळी शाळा असते, तिथे न्या. उद्या सकाळी ती आई येणार होती आणि ताईंनी समोर बसून तेच पुन्हा सांगायचं होतं.

सकाळी ताई लवकर आल्या. ती मुलगी व्हरांड्यात चहा पीत होती.

"ते लावा पुन्हा," ताई म्हणाल्या.

"आवाजासकट लावू?"

"नको."

उभ्यानेच पाहिलं. मुगीचा हात वर गेला तिथे त्यांनी चित्र थांबवायला लावलं आणि त्या थांबलेल्या हाताकडे बघत राहिल्या. मग मुलीकडे न पाहता ऑफिसात गेल्या. राग कालचाच होता, पण तो स्वतःवरच काढायचा आहे हे आता कळत होतं. त्यामुळे तो जास्तच जाळत होता.

मुगीची आई खुर्चीच्या कडेला बसली होती. कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणारी बाई. ओढणीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. मुगी तिच्या गुडघ्याला टेकून उभी. संचालिका बाई मऊ आवाजात समजावत होत्या की यात कमीपणा काही नाही, उलट मुलीचं भलंच आहे, आणि इथल्या जागेसाठी कितीतरी पालक थांबलेत.

"ताई रोज तिच्याजवळ असतात. त्याच सांगतील तुम्हाला," त्या म्हणाल्या.

ताई बसल्या नाहीत.

"मला दिसलं," त्या म्हणाल्या आणि अडखळल्या. पुन्हा सुरुवात केली. "मला दिसलं, ही ठोकळा घेऊन माझ्याकडे आली. माझ्या मागे उभी राहिली. मी वळले नाही. ती पुन्हा आली. मी वळले नाही. तिसऱ्यांदा आली. मग मी तिने आणलेले ठोकळे पायाने बाजूला केले."

संचालिका बाईंनी चष्मा काढला. "ताई, पण तुम्हीच म्हणाला होतात ना, की हिच्यात काही…"

"म्हणाले होते. न बघता म्हणाले होते. आणि तुम्ही आणखी काही न विचारता निरोप धाडलात." आवाज चढला होता, पण खोलीत लेकरू आहे हे लक्षात येऊन त्यांनी तो गिळला. "हिला कुठेही पाठवायचं नाही. पाठवणार असाल तर ते चित्र आधी बघा. मग माझ्या तोंडावर सांगा, यात मुकं कोण दिसतं."

संचालिका बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग संचालिका बाई म्हणाल्या, ठीक आहे, तुमचं म्हणणं असेल तर राहू दे मुलगी, पुढच्या वर्षी बघू. हे इतक्या सहज झालं की ताईंना सुटल्यासारखं वाटलं. त्या मुगीकडे पाहून हसल्या. मुगी आईच्या ओढणीवरचा दोरा ओढत होती.

"झालं?" आई म्हणाली.

ती कोणावर ओरडली नाही. दमलेल्या माणसाच्या सपाट आवाजात बोलत राहिली. महिनाभर कामाला खाडे करून ती पोरीला घेऊन फिरली होती. एका डॉक्टरने कान तपासले, दुसऱ्याने जीभ. सासू म्हणाली, तुमच्याच घराण्यात आहे हे. एका रात्री हिला ओळीने शब्द म्हणायला लावत बसली आणि पोरगी झोपेला आली म्हणून हात उचलला.

"घरी बोलते ही," आई म्हणाली. "भरपूर बोलते. मी सांगितलं होतं यांना. तर मला म्हणाल्या, आईला तसं वाटतंच."

ताईंनी संचालिका बाईंकडे पाहिलं. त्या कागद सारखे करत होत्या.

"शाळा-शाळा पण खेळते. डबे, वाट्या, माझी रिळं, सगळे ओळीने बसवते आणि स्वतः त्यांच्याकडे पाठ करून बसते. मी म्हटलं, अगं ए येडे, मुलांकडे तोंड कर की. तर मला म्हणाली, ताई अशीच बसते."

ताईंचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. तो तिथेच राहिला.

"मला वाटलं, खेळ आहे," आई म्हणाली आणि उठली. "कारखान्याजवळ एक आजी पोरं सांभाळते. शिकवत-बिकवत काही नाही. काल विचारायला गेले होते. दार उघडल्या उघडल्या ती हिच्याशी बोलली, माझ्याशी नंतर. तिकडेच ठेवते आता."

"एक दिवस द्या मला," ताई म्हणाल्या. "आजचा दिवस ठेवा. मी…"

"तुमच्यावर राग नाही ताई," आई म्हणाली, पण राग होता. तो लपवण्याइतकीही ताकद तिने खर्च केली नाही. "रोज सोडायला यायचे तेव्हा तुमचं गाणं ऐकू यायचं बाहेर. वाटायचं, पोरगी चांगल्या हातात आहे."

मायलेकी व्हरांड्यातून निघाल्या. ताई मागोमाग गेल्या आणि पायऱ्यांपाशी गुडघ्यांवर खाली बसल्या, मुगीच्या उंचीला. मुगीने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, जणू हा तिने जवळून कधी पाहिला नव्हता. मग आईचा हात ओढला. मायलेकी फाटकाबाहेर पडून वळल्या.

खोलीची कडी काढण्याआधी ताई रोजच्यासारख्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. नेमाचे शब्द ओठांवर आले. पण ते म्हणवेनात, कारण तो नेम कधी मोडला नव्हता आणि तरीही हे झालं होतं. त्यांनी तशीच कडी काढली.

आत जाऊन स्टूल उचललं आणि ठोकळ्यांच्या फळीला लावून भिंतीशी ठेवलं. इथून खिडकी दिसत होती, दार दिसत होतं, सगळे कोपरे दिसत होते. एवढंच करायचं होतं इतकी वर्षं. चावरा धावत आला आणि खोलीच्या मध्येच थांबला.

"ताई, तू चुकीच्या जागेवर बसलीस."

"नाही रे," ताई म्हणाल्या. "तिकडे चुकीची होती."

जुळी खिडकीवर चढली. ताईंनी बसल्या जागेवरून त्यांना हाक मारली आणि ती उतरली. प्रशिक्षणाची मुलगी फोन हातात घेऊन दारात घुटमळत होती, लावू का नको अशी.

"लावा," ताई म्हणाल्या. "आणि खिडकीच्या जाळीचं तुमच्या कागदात वर लिहा, मोठ्या अक्षरात."

त्या दिवशी त्यांनी गाणं म्हटलं नाही. मुलांनी मागितलं तेव्हा म्हणाल्या, आज तुम्ही म्हणा, मी बघते.

दुपारी मुलं गेली. मावशी झाडू घेऊन आल्या, खिडकीपाशी थबकल्या, मग भिंतीशी आल्या. सवयीने वाकून त्यांनी स्टूल उचललं.

खाली काही नव्हतं. मावशींनी ते परत होतं तिथेच ठेवलं आणि न बोलता पुढे झाडत गेल्या.