सोडलेली ओळ

आवक नोंदवहीत रोज संध्याकाळी शेवटच्या नोंदीखाली दोन ओळी कोऱ्या सोडायच्या, त्यांना क्रमांक द्यायचे आणि मगच दिवसाची रेघ मारायची, हे त्याला नोकरीच्या पहिल्याच दिवशी शिकवले गेले. शिकवणारे होते मोठे कारकून. सारे ऑफिस त्यांना मामा म्हणे. त्याचे तर ते खरोखरच मामा होते, आईचे चुलतभाऊ. ओळी कशासाठी, हे त्याने विचारले नाही. तो मुळातच अबोल. ऑफिसात त्याला 'मुके' म्हणत, आणि हे टोपणनाव त्याला सोयीचेही वाटे. तीन वर्षे त्याने ओळी सोडल्या. दुसऱ्या दिवशी मामा एखादा कागद आणून देत. तो त्या ओळीवर आदल्या तारखेने उतरवून शिक्का मारी. कोणाचे तरी काम अडले असेल, असे तो मनाला सांगे, आणि मन ऐकून घेई.

काल सरकारी रुग्णालयातल्या शिंपिणीच्या जागेसाठी अर्ज देण्याचा शेवटचा दिवस होता. जागा एकच. खिडकी पाचला बंद होते. पाच वाजून सात मिनिटांनी एक बाई धापा टाकत आली. त्याच रुग्णालयात नऊ वर्षे ती रोजंदारीवर चादरी शिवत होती. अनुभवाचा दाखला देणारा माणूस दुपारभर जागेवर नव्हता, म्हणून उशीर झाला, असे तिने सांगितले. त्याने वेळेच्या पाटीकडे बोट दाखवले. नियम सगळ्यांना सारखा, असेही तो म्हणाला, आणि म्हणताना त्याला स्वतःविषयी जरा बरे वाटले. बाईने वाद घातला नाही. अर्ज जुन्याच घड्यांवर दुमडला, नखाने घडी दाबली आणि ती पायऱ्या उतरून गेली. मग त्याने चारशे बारा क्रमांकाखाली दोन ओळी सोडल्या व रेघ मारली.

आज सकाळी मामांनी त्याच्या टेबलावर एक अर्ज ठेवला. साहेबांच्या मेहुणीचा. जागा तीच. अनुभवाच्या रकान्यात 'घरगुती' असे लिहिलेले.

"चारशे तेरावर घे. कालची तारीख टाक," मामा म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काल सात मिनिटांसाठी एका बाईला परत पाठवल्याचे त्याने मामांना सांगितले.

"बरोबर केलंस," मामा म्हणाले. "वेळेच्या बाबतीत कडकच राहावं."

त्यांच्या चेहऱ्यावर उपहासाचा मागमूसही नव्हता. त्यांना खरेच तसे वाटत होते, आणि हेच त्याला सहन होईना. दरवर्षी पहिल्या आठवड्यात सगळ्या कर्मचाऱ्यांना एकत्र बसवून वर्तणुकीचे नियम वाचून दाखवत ते हेच मामा, स्वच्छ, गोड आवाजात: कर्मचाऱ्याने आप्तस्वकीयांच्या लाभासाठी पदाचा वापर करू नये. मग सारे त्याखाली सह्या करत आणि चहाकडे वळत. त्याच्याही तीन सह्या तिथे होत्या.

"मी नाही लिहिणार," तो म्हणाला.

टंकलेखक ताईंची बोटे थबकली. मुक्यांना आज वाचा फुटली वाटतं, असे त्या पुटपुटल्या. पण हसले कोणीच नाही. मामा खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले आणि घरी बोलत त्या आवाजात बोलू लागले.

"बाळा, तुझा स्वतःचा अर्ज कुठल्या ओळीवर आहे, ते एकदा बघून ये. चार दिवस उशिरा आला होता तो. तुझी आई माझ्या दारात उभी होती. तिला मी पाटी दाखवायची होती का?"

अभिलेख कक्षात त्याने ती जुनी नोंदवही काढली. त्याचे नाव होते. वरच्या नोंदींची शाई फिकट निळी, खालच्यांचीही. मधल्या त्या एका ओळीची मात्र काळी, आणि अक्षर मामांचे. त्याच पानावर त्या जागेसाठी आलेली आणखी अकरा नावे होती. ती त्याने एकेक करून वाचली.

दुपारच्या सुट्टीत तो घरी गेला. आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने विचारले, आणि तिने काहीच लपवले नाही. तुझा ताप उतरत नव्हता, तारीख निघून गेली, मग भावाकडे नाही तर कोणाकडे जायचं, असे ती म्हणाली.

"मी कोणाचं वाईट केलं रे?"

"अकरा जणांचं, आई."

"त्यांना आया नव्हत्या का?" ती म्हणाली. तिच्या हातातला सदरा त्याचाच होता. तो उठला. रागाला धरायला तिथे काहीच सापडत नव्हते, म्हणून तो अधिकच भडकत होता: मामांवर, तिच्यावर, वाद न घालता निघून गेलेल्या त्या बाईवरही, आणि सगळ्यांत जास्त त्या पाटीकडे गेलेल्या आपल्या बोटावर.

परत येऊन त्याने चारशे तेरा आणि चारशे चौदा या दोन्ही ओळी तांबड्या शाईने खोडल्या. 'हेतुतः कोऱ्या सोडल्या होत्या', असे लिहून सही केली, वेळ टाकली. शिंपिणीला मात्र याने काही मिळणार नव्हते. तिला आत घेण्याची वाट नियमात नव्हती, आणि नियमाबाहेरची वाट त्याने आत्ताच बंद केली होती. मग त्याने दक्षता अधिकाऱ्यांना पत्र लिहिले. तीन वर्षांत उतरवलेल्या, आठवत होत्या तेवढ्या नोंदी त्यात होत्या. सर्वांत वर त्याच्या स्वतःच्या अर्जाची नोंद होती.

मामांनी पत्र उभ्यानेच वाचले. नोकरी गेल्यावर आईला काय खायला घालणार आहेस, असे त्यांनी हळूच विचारले. त्याने पत्राची आजच्या तारखेने रीतसर नोंद केली, विषयाच्या रकान्यात लिहिले: 'आवक कारकुनाच्या नेमणुकीची चौकशी व्हावी', आणि शिक्का इतक्या जोराने मारला की शेजारच्या टेबलावरची दौत हलली.

बाहेर जाणारे टपाल खरे तर शेजारच्या जावक टेबलावर द्यायचे असते. तिथेही रोज ओळी सोडत. पाकीट त्याने खिशात घातले आणि तो स्वतःच ते दक्षता अधिकाऱ्यांच्या हातात द्यायला निघाला.