सोडलेलं गवत

तिने दोन्ही हातांनी गवत बाजूला केलं आणि हात तिथेच थांबले. वाटीएवढ्या घरट्यात अंड्यांची टरफलं पडली होती, वेडीवाकडी फुटलेली. एकाला पिवळा बलक वाळून चिकटला होता.

ट्रॅक्टरवरून धाकट्या भावाने हाक मारली.

“काय गं ताई, निघाली का पिल्लं?”

ती पक्षी मोजायची. दर वर्षी अंडी घालायच्या दिवसांत शेताशेतांतून फिरायचं, कोण कुठे बसलंय ते टिपून ठेवायचं, हीच तिची नोकरी. एवढं शिकून शेवटी पाखरंच मोजते, असं लोक तोंडावर म्हणायचे. पूर्वी या गवतात चंडोल मोजताना तिची तारांबळ उडायची. मग गवत जमिनीलगत कापणारं मशीन आलं आणि जमिनीवर घरटं करणाऱ्यांचं नशीबच फुटलं. यंदा सगळं रान पालथं घातल्यावर तिला ही एक जोडी सापडली होती.

म्हणून तिने भावाच्या हातापाया पडून एवढा तुकडा सोडायला लावला होता. हा भाऊ म्हणजे बांधावरची काडीसुद्धा न सोडणारा. पण या वेळी कसं कोण जाणे, त्याने ऐकलं. कुरकुरत का होईना, मशीन वळवलं आणि घरट्याभोवती खोलीएवढं गवत उभं ठेवलं. शेजारी येता-जाता हसायचे, “शेताला शेंडी ठेवलीस होय रे?” तर हा त्यांच्यावरच डाफरायचा, “हळू बोला, आत बाळंतीण आहे!”

ती उठून उभी राहिली. चारी बाजूंना दाढी केल्यासारखं सपाट रान, मध्ये हे एवढंच गवत, आणि कुंपणाच्या खांबावर कावळा. त्याला घरटं शोधावंच लागलं नव्हतं. पाटी लावून ठेवली होती त्याच्यासाठी. आणि लावायला सांगणारी कोण, तर ही शहाणी. तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

भाऊ येऊन तिच्या शेजारी उकिडवा बसला. टरफलं पाहून त्याचा चेहरा उजळला.

“अरे वा! फोडून गेलीसुद्धा की पठ्ठी!”

पिल्लं बाहेर आली की चंडोल टरफलं उचलून लांब नेऊन टाकतात. आणि पिल्लं काही लगेच जात नाहीत. उघडीबोडकी घरट्यातच पडून असतात. हे सांगायला तिने तोंड उघडलं. भावाने एक टरफल तळहातावर घेतलं होतं आणि हळूच फुंकर मारून तो त्यावरची माती उडवत होता. लहानपणी गोफणीने पाखरं टिपणारा हाच तो.

“हे घरी नेऊ का गं? तुझी भावजय रोज विचारते, झाली का बाळं म्हणून.”

“ने,” ती म्हणाली.

“आता चल, तुला गंमत दाखवतो.”

त्याने तिला हाताला धरून ट्रॅक्टरवर चढवलं. तिथून ओढ्यापलीकडचं रान दिसत होतं.

“तिथेही एक जोडी बसलीय! तुझ्या आधी मी हेरली. आज सकाळी कापताना आपणहून सोडलं बघ. म्हटलं, ताईला विचारायचं काय त्यात!”

पलीकडचं अख्खं रान कापून झालं होतं आणि मधोमध गवताचा एक चौकोन उभा होता. आता कापलेलं गवत काही परत उभं करता येणार नव्हतं. खांबावरचा कावळा उडाला आणि सावकाश ओढ्याकडे निघाला. तिने टाळ्या वाजवल्या, हुश् हुश् केलं. त्याने वळूनही पाहिलं नाही. आणि आज हुसकला तरी उद्या कोण हुसकणार, परवा कोण?

“त्याच्याकडे काय बघतेस, तिकडे बघ ना!” भावाला हसू आवरत नव्हतं. “एवढ्या लांबून दिसतंय की नाही?”

“हो रे,” ती म्हणाली. “लांबूनच दिसतंय.”