तीन म्हटल्यावरच

मित्रांनो, मी बास्केटबॉलचा एक जुना, फुटका चेंडू आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही.

सियालकोटच्या कारागिरांनी मला जाड कातड्यातून शिवलं, पोटात रबरी फुगा घातला आणि तोंड वादीने आवळलं. निजामाच्या आगगाडीतून मी जालन्याला उतरलो. मस्तगडाजवळच्या एका शाळेत नवा चेंडू आला म्हणून पोरं दिवसभर वर्गात कुजबुजत होती. मलाही वाटलं, आता आपले दिवस आले.

पण माझी गाठ पडली रामराव गुरुजींशी. ते कवायत शिकवत आणि मलाही त्यांनी कवायतीलाच जुंपलं. पोरांच्या समोरासमोर दोन रांगा. 'एक' म्हटलं की मला छातीशी धरायचं, 'दो'ला पाऊल पुढे टाकायचं आणि 'तीन'ला दोन्ही हातांनी समोरच्याकडे फेकायचं. तीनच्या आधी फेकलं की तळहातावर छडी. खोटं कशाला बोलू, पोरांचे हात त्यांनी सुरेख घडवले. शिक्षण खात्याचे साहेब पाहायला आले ते मान डोलावत गेले. पण कुणाकडे फेकायचं, कधी फेकायचं, कधी हातातच ठेवायचं, हे त्या पोरांना कुणी एकदाही विचारलं नाही.

मग औरंगाबादच्या पोरांशी सामना ठरला. त्या काळी खेळ चालू असताना गुरुजींनी बाहेरून काही सांगायचं नाही, असा नियम होता. पंचांनी तो ऐकवला आणि रामराव गुरुजी ओठ मिटून बसले. झालं! आमचा कप्तान मुकुंद मला छातीशी धरून उभा आणि डोळे गुरुजींकडे. समोर आमच्याच संघातला, बदनापूरकडचा बद्रीनाथ अगदी मोकळा, हात हलवतोय. मुकुंद 'तीन'ची वाट पाहत राहिला आणि औरंगाबादच्या पोराने मला त्याच्या हातातून काढून नेलं. पुन्हा पुन्हा हेच झालं. माझा नुसता संताप होत होता.

शेवटी मी बद्रीनाथच्या हाती लागलो. मुकुंद त्याला बास्केटच्या कडीखाली मोकळा दिसला. धावता धावता त्याने एका हाताने मला तिकडे धाडलं. मुकुंदला मोजायला वेळच मिळाला नाही, म्हणून त्याने मला थेट कडीतून टाकलं. आमच्या शाळेची तेवढीच एक बास्केट झाली. सामना आम्ही सपाटून हरलो.

दुसऱ्या दिवशी गुरुजी हरण्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. बद्रीनाथने एका हाताने फेकलं, म्हणून त्याला संघातून काढलं.

"मुकुंद मोकळा होता, गुरुजी," बद्रीनाथ म्हणाला. "तीन होईपर्यंत त्यो मोकळा ऱ्हाला असता का?"

"फेकायचं कसं ते शिकवलंय मी तुला."

"शिकवलं, बराबर शिकवलं. पर बघायचं न्हाई शिकवलं."

"चालता हो."

सगळ्यांनी मुकुंदकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. मला गुरुजींपेक्षा त्याचाच जास्त राग आला.

बद्रीनाथ गेला. गुरुजींनी लगेच रांगा लावल्या. मुकुंदच्या समोरची जागा बद्रीनाथची, ती तशीच रिकामी. एक. दो. तीन. मुकुंदने मला फेकलं. कोपर सरळ, पाऊल नेमकं पुढे. गुरुजी म्हणाले, "बराबर." समोर झेलायला कोणी नव्हतं. मी तसाच पुढे काट्यांच्या कुंपणात जाऊन आदळलो आणि बाभळीचा काटा थेट आतल्या फुग्यात शिरला.

तेव्हापासून मी शाळेच्या या कपाटात पडून आहे. मित्रांनो, चेंडूला तेल लावा, त्याला उन्हात टाकू नका, हात घडवणाऱ्या गुरुजींचं ऐका. पण कोणी असं मोजू लागलं, तर फेकण्याआधी मान वर करून समोर बघा. जागा रिकामी दिसली तर चेंडू हातातच धरा, आणि तिथला गडी कुठे गेला ते मोठ्याने विचारा.