पुढे उभी असलेली माणसं

आमच्या स्टेशनावर गाडी आपण होऊन थांबत नाही, हात दाखवावा लागतो. त्या दिवशी फलाटावर आमच्याआधी एक जोडपं उभं होतं. साहजिकच आजोबा त्यांच्या मागे उभे राहिले. हात दाखवायचा मान पुढच्यांचा! गाडी आली. पुढच्यांनी हात केला नाही, म्हणून आजोबांनीही नाही. मी बुटाची नाडी बांधून वर बघते तर गाडी शिट्टी वाजवत निघूनही गेली.

"आजोबा!" मी किंचाळले.

"ते पुढे होते ना, ब्रायनी."

जोडप्यातली बाई लालबुंद झाली. "अगं बाई! आम्ही नुसती गाडी बघायला थांबलो होतो. वाटलं, तुम्हीही त्यासाठीच आलात."

आणि तिकडे शहरात तीन वाजता आजीला हृदयाच्या ऑपरेशनला नेणार होते! या वयात ती भुलीतून उठेलच असं नाही, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. आजोबांना त्याआधी तिला भेटायचं होतं. बास, एवढंच. गावातली एकुलती एक टॅक्सी लग्नाला गेलेली. आता आशा एकच, कालव्याच्या खालच्या अंगाला असलेल्या बार्टल स्टेशनावर थांबणारी दुसरी गाडी.

पेटिफर नावाच्या त्या जोडप्याची बोट स्टेशनाखालीच कालव्यात बांधलेली होती. आजोबांच्या गुडघ्यामुळे चालत जाणं शक्यच नव्हतं. बोटीत बसलो. पण कालव्यातली बोट ती! काठावरची बदकंसुद्धा आमच्या पुढे गेली. जरा वेग वाढवला तर बांधलेल्या बोटींतून आरडाओरडा, "हळू! आमचा चहा सांडला!"

"मरू दे तुमचा चहा!" मी ओरडले.

"ब्रायनी, माफी माग."

मी नाही मागितली.

आणि मग लॉक आलं. बोट आत घ्यायची, दारं लावायची, पाणी उतरवायचं, तेव्हा कुठे खालच्या पाण्यात जाता येतं. आमच्या आधी चार बोटी.

"त्यांना सांगा ना! सोडतील!"

"सांगतो," आजोबा म्हणाले आणि उभे राहिले. टोपी काढली. तोंड उघडलं. समोरच्या बोटीतले म्हातारे गृहस्थ हसून म्हणाले, "छान हवा आहे, नाही?"

"फारच छान," आजोबा म्हणाले आणि मटकन बसले.

मला रडू फुटलं. मग मी काठावर उडी मारली. शेतातून, कुंपणं ओलांडत पळालं तर गाडी मिळण्यासारखी होती. पण एकटीला.

"आजोबा, आजीला काय सांगू?"

त्यांनी हातातली टोपी गोल फिरवली. पन्नास वर्षांचा संसार, आणि शब्द सापडेना.

"सांग... तिच्या टोमॅटोंना पाणी घातलंय."

"टोमॅटो? आजोबा, अहो, नीट काहीतरी सांगा!"

"पळ, पोरी."

मी पळाले. गाईंमधून, खाजकुयलीतून, फाटक्या मोज्यांनी. बार्टलला गाडीसमोर दोन्ही हात नाचवले. ती आपोआप थांबणारी होती, तरीही.

हॉस्पिटलात पोचले तेव्हा वॉर्डमधून आजीचं स्ट्रेचर निघालंच होतं. तिने माझ्या मागे बघितलं.

"एकटीच? ते कुठे गं?"

"कालव्यावर. रांगेत."

ती खुदकन हसली. "काही म्हणाले?"

मी टोमॅटोंचं सांगितलं.

आजीने डोळे मिटून घेतले. "पुन्हा सांग," ती म्हणाली. मी ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत तिच्याबरोबर चालत तेच सांगत राहिले.