दुपट्यात राहिलेली सुई

मित्रांनो, मी एक जुनी, जराशी वाकलेली सुई आहे. गोधड्या शिवणारी, बोटभर लांब. टोकदार जातीची असूनही मी फार भित्री आहे. हसू नका. माझ्यावर जे ओढवलं ते ऐकलंत, तर तुम्हीही घाबराल.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो वेल्ह्याचा बाजार आणि सुया-मणी विकणाऱ्या बाईची टोपली. त्या टोपलीतून कोंडाबाईंनी मला उचललं आणि राजगडाच्या पायथ्याच्या पालीला आणलं, त्याला आता वीस वर्षं झाली. माझं नेढं, म्हणजे दोरा ओवायचं भोक, चांगलं मोठं आहे. आमच्या राजगडावरही एक दगडाचं नेढं आहे आणि ट्रेकरवाले त्यात बसून फोटो काढतात. माझ्या नेढ्याचा फोटो आजवर कुणी काढला नाही, असो.

किती जुनी लुगडी मी जोडली, त्याची मोजदाद नाही. शिवताना कोंडाबाई मला मधूनच आपल्या तेलकट केसांतून फिरवायच्या, म्हणून मला गंज चढला नाही. पण आमच्या गोधड्या एक व्यापारी टेम्पो भरून न्यायचा आणि त्या कुणी शिवल्या हे पुढे कुणालाच कळायचं नाही. मग शेजारच्या मंगलताईंनी अकरा बायकांचा गट केला. पुण्यातल्या एका दुकानानं त्यांच्याकडून माल घ्यायला सुरुवात केली. ते दुकान कष्टाचा रास्त मोबदला द्यायचं आणि प्रत्येक गोधडीला शिवणारीच्या नावाची चिठ्ठी लावायचं. 'कोंडाबाई, पाली' अशी पहिली चिठ्ठी लागली, तेव्हा मी दोन टाके वाकडे घातले, इतका मला आनंद झाला होता.

गेल्या पावसाळ्यात दुकानानं पहिल्यांदाच बाळांची बारा दुपटी मागितली. दुकानाचा नियम कडक होता. संध्याकाळी गटाच्या सगळ्या सुया मोजून डब्यात ठेवायच्या. पण मी पडले कोंडाबाईंची घरची सुई. त्या मोजणीत मी नव्हतेच.

एका सकाळी मंगलताईंच्या ओसरीवर दुपट्यांचे थर लावणं चाललं होतं. गटातल्या रत्ना नावाच्या तरुण सुनेची सुई मोडली.

"मावशी, तुमची सुई द्या की वाईच," ती म्हणाली.

आमच्याकडे सुई हातातून हातात देत नाहीत. दिली तर दोघींत भांडण लागतं, असं मानतात. सुई खाली ठेवायची आणि दुसरीनं उचलायची. कोंडाबाईंनी मला समोरच्या फुलाफुलांच्या कापडावर ठेवलं आणि त्या भातलावणीला शेतावर निघून गेल्या. तेवढ्यात रत्नाचं पोर रडलं म्हणून ती घरात पळाली. ती परत आली, तर मंगलताईंनी फोनवर बोलता बोलता माझ्यावर वरचं लुगडं पसरलं होतं! मावशी सुई घेऊन गेल्या असतील, असं रत्नाला वाटलं. सुई रत्नाकडे आहे, असं कोंडाबाईंना वाटलं. आणि मी आत शिवली गेले.

मित्रांनो, त्या अंधारात मी जे भ्याले ते कसं सांगू? मला माझी भीती नव्हती. वाकल्यामुळे माझं टोक वरच्या कापडाकडे होतं. त्या कापडावर एक बाळ निजणार होतं आणि मला ओरडता येत नव्हतं. मंगलताईंनी दुपट्यावरून हात फिरवला, तेव्हा मी मनात म्हटलं, दाबा, ताई, जोरानं दाबा! पण मी टाक्यांच्या रांगेत सरळ पडले होते. त्यांना काही लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी मला बाकीच्या दुपट्यांबरोबर पिशवीत भरलं आणि टेम्पो सुटला. प्रत्येक खड्ड्याला माझं टोक थोडं थोडं वर सरकत होतं. बाळ किती दिवसांचं असेल? त्याला कुठं टोचेन मी?

वाटेत मार्गासनी गावाजवळ टेम्पो थांबला. ड्रायव्हर दत्ता फोनवर ओरडत होता, "आं? सुई? आता माघारी फिरू व्हय?"

झालं असं होतं, की लावणी उरकून आलेल्या कोंडाबाईंनी रत्नाकडे मला मागितलं. "म्या उचललीच न्हाई, मावशी," रत्ना म्हणाली. दोघी मंगलताईंकडे धावल्या आणि मंगलताईंनी दत्ताला फोन लावून टेम्पो माघारी बोलावला.

बारा दुपटी ओसरीवर पसरली. सगळ्यांनी चाचपून पाहिलं, पण लावणीनं बोटांना चिरा पडलेल्या, त्यांना काही समजेना. "दुकानाला कळलं तर गट बंद पडंल," कुणीतरी रडवेल्या आवाजात म्हणालं. "न्हाई सांगितलं तर?" दुसरीनं हळूच विचारलं.

"सांगायचं," कोंडाबाई म्हणाल्या. "माझं नाव काढा गटातनं. पण आधी सुई घावू द्या. बाळाचा गाल म्हंजे काय आपली बोटं हायती?"

त्या गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी आपला गाल पहिल्या दुपट्यावर टेकवला. दाबून, इंच इंच सरकत. मग दुसऱ्यावर. तिसऱ्यावर. मी सातव्यात होते. तो गाल जवळ येताना मला ऐकू येत होता. ज्या बाईनं मला वीस वर्षं जपलं, तिलाच मी टोचणार होते. आणि नाही टोचलं तर बाळाला टोचणार होते. मी डोळे मिटून घट्ट उभी राहिले.

"आई गं! घावली!" त्या ओरडल्या. गालावर रक्ताचा थेंब, डोळ्यांत पाणी, आणि हसतही होत्या.

अकरा दुपटी गेली. डाग पडलेलं सातवं मागे राहिलं. मंगलताईंनी दुकानाला सगळं खरं लिहिलं. आठ दिवस आम्ही जीव मुठीत धरून बसलो होतो. मग उत्तर आलं. दुकानानं कोंडाबाईंना गटातून काढायलाही सांगितलं नाही आणि गटाशी व्यवहारही तोडला नाही.

त्यानंतर रत्नानं एकदा तळवा पुढे केला. "हातात द्या, मावशी. भांडण झालं तर झालं." कोंडाबाई जरा थबकल्या, आणि त्यांनी मला तिच्या हातावर ठेवलं.

तेव्हापासून कोंडाबाई प्रत्येक दुपट्यावर आधी गाल फिरवतात. तरी मला अजूनही भीती वाटते. दर पिशवी बांधताना वाटते. म्हणून, मित्रांनो, काम झालं की सुई जागेवर ठेवा. आणि हातानं शिवलेलं दुपटं घरी आणलंत, तर त्यावरची चिठ्ठी फेकण्याआधी एकदा वाचा. तिच्यावर 'पाली' असेल, तर त्यात तुमचं बाळ निजण्याआधी पालीतल्या एका बाईनं आपला गाल त्यावर फिरवलेला असतो.