मीठ चवीनुसार

सर्दीने नाक असं चोंदलं होतं की लसूण कोणता आणि साबण कोणता, हे मला फक्त फेसावरून कळत होतं. आईने फोनवर आल्या-लसणाचं सूप सांगितलं. "मीठ चवीनुसार घाल," म्हणाली आणि फोन ठेवला. चव माझ्याकडे नव्हती आणि घरात दुसरं कोणी नव्हतं.

म्हणून सुपाची वाटी घेऊन समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. तिथल्या निवृत्त पोस्टमन काकांशी वर्षभरात माझी नुसती लिफ्टमध्ये मान हलवण्याइतकी ओळख होती.

"काका, जरा मीठ बघता का?"

त्यांनी घोट घेतला, विचार केला. "कमी आहे."

मी घालून आलो.

"अजून कमी."

दोन-तीन खेपांनंतर त्यांनी मला पातेल्यासकट आत बसवलं. सूप संपलं, तेव्हा ते जोरात शिंकले.

"तुम्हालाही सर्दी?"

"आठवडा झाला. चवीचा पत्ता नाही."

"मग मीठ कमी आहे हे कसं कळलं?"

"बरोबर आहे म्हटलं असतं, तर तू गेला असतास."

काल माझं नाक मोकळं झालं. तरी मी पुन्हा सूप केलं, मीठ मुद्दाम विसरलो आणि समोरची बेल वाजवली.