आधी बाहुली बसली

मित्रांनो, मी एक जुनी सीट आहे. मोटारीची नाही, सायकलची तर नाहीच. कयाक नावाच्या लांबट, अरुंद होडीत आईबाबांच्या मधे लहान मूल बसतं ना, त्या जागेची. माझा निळा रंग आता उडाला आहे आणि पाठीच्या दोन्ही बाजूंना सुईच्या भोकांची रांग आहे. त्या भोकांचीच ही गोष्ट.

दुकानात मी खालच्या फळीवर होते. वरच्या फळीवर उंच पाठीच्या, गुबगुबीत गादीच्या सीटा तोऱ्यात बसलेल्या. एके दिवशी एक कुटुंब आलं. बाबांना सगळ्यांत उंच सीट आवडली.

"आपली चिमी राणीसारखी बसेल!"

"राणी उंच बसली की होडी डुगडुगते," आई म्हणाली आणि मला उलटी करून पाणी निथळायला भोकं आहेत का ते बघू लागली. मला खाली ठेवताच त्यांची चिमी माझ्यावर येऊन बसली, ती उठेचना. प्रश्न मिटला.

बाबांच्या जिवाला मात्र घोर. "हिला पट्टाच नाही! पोरगी पाण्यात पडली तर?" घरी येताच त्यांनी शिलाई मशीन काढलं आणि दुहेरी शिवण घालून मला जाडजूड पट्टा लावला, बक्कलासकट. बोटात सुई घुसली तरी हूं की चूं केलं नाही. इतक्या मायेनं मला तोवर कुणी हात लावला नव्हता.

सुट्टीच्या दिवशी आम्ही तलावावर गेलो. तिथे चिमीची आत्या होड्या भाड्याने द्यायची. नव्या माणसांना खोल पाण्यात सोडण्याआधी ती काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम होडी उलटवायची. सख्ख्या भावालाही सूट नव्हती.

"दादा, हे काय लावलंस? काढ आधी."

"अजिबात नाही. माझी मुलगी आहे ती."

दोघं हट्टाला पेटली. चिमी बिचारी भेदरली आणि म्हणाली, "आधी माझी बाहुली बसू दे." बाहुली पोकळ प्लॅस्टिकची, बादलीतही तरंगणारी. चिमीने तिला माझ्यावर बसवलं आणि बाबांनी शिकवल्याप्रमाणे नीट पट्टा लावला. आत्याने होडी पाण्यात ढकलली आणि उलटवली.

पाण्याखाली बाहुली सुटायला धडपडत होती आणि मी तिला गच्च धरून होते. मला सोडायचं होतं हो, पण सोडणार कशी? वरून चिमीचा आवाज आला, "बाबा, ती वर का येत नाही?"

बाबा कपड्यांनिशी पाण्यात धावले. पाण्याखाली हात घालून बक्कल चाचपत राहिले, पण ते काही केल्या निघेना. शेवटी आत्याने होडी सरळ केली. बाहुली हसतच होती, तिला तेवढंच येतं. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता बाबाच आत्याला म्हणाले, "कात्री आण."

त्यांनी एकेक टाका उसवला. मग लाइफ जॅकेट घालून चिमी माझ्यावर बसली, पुढे आई, मागे बाबा. आत्याने पुन्हा होडी कलंडवली. या वेळी चिमी अलगद निसटली आणि वरून तिचं खिदळणं ऐकू आलं, "पुन्हा! पुन्हा!" बाबा रडत होते की तोंडावर नुसतं पाणी होतं, कोण जाणे. माझा मात्र जीव भांड्यात पडला.

तो पट्टा वल्ही बांधायला कामी आला. पुढे चिमी मोठी झाली, मी अडगळीत गेले, कोळ्यांनी माझ्यावर संसार थाटला. मला वाटलं, संपलं आपलं. पण परवा चिमीने मला बाहेर काढून घासूनपुसून लख्ख केलं. शेजारी तिचा लेक उभा होता. माझ्या भोकांवरून बोट फिरवत तिने मिश्कीलपणे विचारलं, "बाबा, याच्यासाठी पट्टा शिवता का?"

"खबरदार!" म्हातारे बाबा खुर्चीतून ताडकन उठले.

मित्रांनो, माझ्यासारख्या सीटा धुवा, सावलीत वाळवा, अडगळीत विसरू नका. पण आमच्यावर बसलेल्या मुलाला कधी बांधू नका. त्या दिवशी मी चिमीला सोडलं, म्हणून आज तिचा लेक माझ्यावर बसून पाय हलवतो आहे.